चौथ्या सेकंदाला

पंखे फिरतात. रॅमच्या कडेनं निळा उजेड धावतो.
आई हात जोडायच्या बेतात असते
आणि सगळं विझतं.

एक, दोन, तीन, चार. मी मोजलंय.
साडेनऊपासून सोळा वेळा.

लॅमिंग्टन रोडवरून सहा खोक्यांत आणला हा,
सुटा सुटा, टॅक्सीत मांडीवर घेऊन,
दीड वर्ष साठवलेल्या पैशांत.
बिल्डरांसाठी मी न बांधलेले टॉवर रंगवते,
बत्तिसाव्या मजल्यावरच्या तरणतलावात
ऊन कुठल्या कोनातून पडेल ते,
काळाचौकीच्या या खोलीत बसून, जिथं ऊन
समोरच्या इमारतीला विचारून येतं.

मेहुलभाई फोनवर म्हणाला,
"खोका उघडला की माल परत नाय, ताई.
पहिलं घरचं कनेक्शन बघा."

बाबांना ते लागलं.
एकतीस वर्षं बेस्टमध्ये वायरमन.
बनियनवरच उठले, खिळ्यावरच्या पिशवीतून
टेस्टर काढला, होल्डरला बल्ब लावून
फेज-न्यूट्रल, मग फेज-अर्थ;
दोन्हीकडे बल्ब सारखाच लख्ख.
"लाइन चोख आहे," म्हणाले,
ज्या आवाजात ते आजोबांबद्दल बोलतात
त्याच आवाजात.

मग मी आल्या वाटेनं उलटी निघाले.
ग्राफिक्स कार्ड काढलं. चार सेकंद.
एक रॅम काढली. ती लावून दुसरी काढली. चार.
प्रोसेसरच्या केबलचे आठ दात
टक् वाजेपर्यंत पुन्हा बसवले. चार.
कूलर उचलून पाहिला, पेस्ट नीट पसरलेली,
मोदकाच्या साच्याला तूप लागावं तशी.
आई कधीतरी भिंतीकडे तोंड करून झोपली.
बाबा बॅटरी धरून उभे, निघालेला एकेक स्क्रू
तिच्या पोळपाटावर क्रमानं मांडत.
"हा पितळी कुठला?"
"खालचा. मदरबोर्डच्या पायातला."
त्यांनी तो वेगळा ठेवला, मानानं.

साडेबाराला सगळंच बाहेर काढलं.
मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर निजवला
आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दोन पिना
क्षणभर एकमेकींना भेटवल्या.

एक, दोन, तीन, चार,

पाच.
सहा.

साठपर्यंत गेलो आम्ही, दोघंही पुटपुटत,
बाबा चाळिशीनंतर माझ्या पुढेच.

मग कॅबिनेटच्या बटणाची वायर
त्याच दोन पिनांवर खोचली. बटण दाबलं.
चार.
या वेळी मी पंख्यांकडे बघितलं नाही,
स्वतःच्या बोटाकडे बघितलं.
बोट उचललं होतं मी. बटण आतच होतं.
बऱ्याच वेळानं, हाका मारून उठवलेल्या माणसासारखं,
ते सावकाश वर आलं.

दाबून धरलं की चौथ्या सेकंदाला बंद व्हायचं,
हे त्याला कारखान्यातच शिकवलेलं.
बिचारा प्रत्येक वेळी
सांगितलेलं ऐकत होता.

नखानं कड खरवडली.
लाल. चिकट. नाकाशी नेलं तर वेलदोडा.

संध्याकाळी जोडणी पुरी झाल्यावर आईनं
कालवलेलं कुंकू लावलं होतं, बरोबर बटणावर,
तिथंच याचं कपाळ असणार असं धरून,
आणि त्यावर पेढ्याचा कण.
नवीन आलाय, तोंड गोड करू दे.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.
कान कोरायची काडी स्पिरिटमध्ये बुडवली.

सव्वाला तो चालू झाला आणि चालूच राहिला.
काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ,
सुरू करायला आत अजून काहीच नाही, अशा अर्थाची.
उजेडानं आई जागी झाली.
"काय झालं होतं गं त्याला?"

"लूज कनेक्शन," बाबा म्हणाले,
टेस्टर पिशवीत ठेवता ठेवता,
एकतीस वर्षांत पहिल्यांदाच
स्वतःच्या घरच्या लाइनला नाव ठेवून.